घरातलं जुनं मँडोलिन: ते खरंच दुर्मीळ आहे का, आणि विकलं तर किती येतील?

दर दोन-चार महिन्यांनी माझ्या फोनवर कुणाचा तरी फोटो येतो. माळ्यावरची धूळ बसलेली पेटी, आत जुनं मँडोलिन, आणि खाली एक ओळ: "आजोबांचं आहे, शंभर वर्षं तरी जुनं असेल. किती येतील?" मी शिकागोच्या उपनगरात राहतो. गेली पंधरा वर्षं जुनी मँडोलिनं शोधतो, दुरुस्त करून घेतो, वाजवतो, क्वचित एखादं विकतो. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं, म्हणून हा लेख.

आधी मनातली एक समजूत काढून टाकू. जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे, आणि दुर्मीळ म्हणजे महाग नव्हे. साधारण १८८० ते १९१५ या काळात युरोप-अमेरिकेत मँडोलिनचं वेड होतं. गावोगावी मँडोलिन ऑर्केस्ट्रा निघाले, टपालाने मागवायच्या यादीपत्रकांतून वाद्यं विकली गेली. त्या काळातली मँडोलिनं आजही इतकी शिल्लक आहेत, की शंभर वर्षांचं साधं मँडोलिन इथे शंभर-दोनशे डॉलरला मिळतं आणि त्याच्या दुरुस्तीलाच चारशे लागतात. याउलट १९२३ सालचं एखादं विशिष्ट मँडोलिन घराच्या किमतीला जातं. हा फरक कुठून येतो, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सगळ्यात आधी: काही करू नका

पुसू नका, पॉलिश लावू नका, तारा ताणून सुरात आणू नका. आठ तारा सुरात आल्या की मिळून साठ-सत्तर किलोच्या वर ओढ पडते. जुनी वाद्यं सरसाने जोडलेली असतात आणि सरस दमट हवेत आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात सैल पडतो. मुंबईत किंवा कोकणात पन्नास पावसाळे काढलेल्या मँडोलिनची तबली, म्हणजे समोरची पातळ लाकडी फळी, आतल्या पट्टीपासून सुटलेली असण्याची शक्यता बरीच. अशा वाद्याला सुरात आणलं की तबली खाली बसते, कधी मान वर उचलली जाते.

पॉलिशचं तर मी स्वतः भोगलं आहे. माझं पहिलं जुनं गिब्सन एका घरातलं सामान विकायला काढलं होतं तिथे मिळालं. तबलीखालची पट्टी एका टोकाला सुटली होती, म्हणून इथल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. पट्टी त्याने चांगली चिकटवली, पण सोबत, मला न विचारता, सगळं वाद्य घासून वर नवीन लॅकर मारलं. परत आलं तेव्हा काचेसारखं चकचकत होतं आणि मी बाळासारखा खूश झालो. पुढे ते एका जाणकार विक्रेत्याला दाखवलं. त्याने ते खिडकीशी नेलं, उजेडात जरासं तिरकं धरलं आणि अर्ध्या मिनिटात पेटीत परत ठेवलं. मूळ रंगात असतं तर जे मिळालं असतं, त्याच्या साधारण निम्मे त्याने सांगितले. या बाजारात तोच रिवाज आहे: रंग नवीन, किंमत निम्मी. वाद्य मी विकलं नाही, अजून वाजवतो, पण वरून हात फिरवला की ती गुळगुळीत काच बोटांना अजूनही टोचते.

पाठ पाहा

मँडोलिन पालथं करा. पाठ भोपळ्याच्या फाकेसारखी गोल आणि लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेली असेल, तर ते नेपल्सच्या घराण्यातलं. पाठ सपाट किंवा किंचित फुगीर, व्हायोलिनसारखी कोरलेली असेल, तर ते बहुधा अमेरिकी घराण्यातलं, किंवा त्याची नक्कल.

गोल पाठीचं असेल तर पट्ट्या मोजा. नऊ-अकरा रुंद पट्ट्या म्हणजे स्वस्त माल. वीस, तीस किंवा त्याहून जास्त अरुंद पट्ट्या, त्यांच्यामध्ये बारीक रेघा आणि प्रत्येक पट्टीला खोलगट पन्हळ असेल, तर कारागिराने खरोखर जीव ओतलेला आहे. मग भोकातून आत लेबल शोधा. नेपल्सचे विनाच्चा आणि कलाचे, रोमचे लुइजी एम्बेर्घेर ही नावं असतील तर शांत बसा आणि जाणकाराला दाखवा. एम्बेर्घेरची मैफिलीसाठीची वाद्यं युरोपातले अभिजात संगीत वाजवणारे आजही शोधत असतात, आणि ती हजारोंच्या भाषेत विकली जातात. पण नुसतं इटालियन नाव आणि पदकांची चित्रं पाहून हुरळून जाऊ नका. पदकं छापणं तेव्हा सोपं होतं, आणि स्वस्त वाद्यांवरही ती सर्रास असायची.

शिकागोच्या लायन अँड हीली कंपनीचं वॉशबर्न, किंवा मार्टिनचं गोल पाठीचं मँडोलिन, ही चांगली वाद्यं. दुर्मीळही म्हणता येतील, विशेषतः भरपूर नक्षीची. पण मागणी थोडी, म्हणून भाव मध्यम. दुर्मीळपणा आणि किंमत यांची फारकत पाहायची असेल तर ती इथे दिसते.

गिब्सन असेल तर: क्रमांक वाचायला शिका

आता ज्याच्यासाठी बहुतेक लोक विचारतात, तिकडे वळू. ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराने १८९८ मध्ये व्हायोलिनसारखी कोरीव तबली असलेल्या मँडोलिनचं पेटंट घेतलं. १९०२ मध्ये मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी त्याच्या नावाची कंपनी सुरू झाली. आजचा जुन्या अमेरिकी मँडोलिनचा बाजार म्हणजे मुख्यतः याच कंपनीचा १९०५ ते १९२५ मधला माल.

दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि बारीक दिवा घ्या. भोकातून आत पाहिलं की पाठीच्या आतल्या बाजूला लेबल दिसेल, त्यावर हाताने लिहिलेला क्रमांक. मानेच्या बुडाशी, आतल्या लाकडी ठोकळ्यावर, कारखान्याचा वेगळा शिक्काही असतो. तोही लिहून घ्या, कारण लेबल बदलता येतं, ठोकळा सहसा कुणी बदलत नाही.

क्रमांकावरून साल ठरवायचा तक्ता जाणकारांनी बनवलेला आहे. ढोबळ आकडे असे: १९१७ संपताना सुमारे ३९,५००, १९१८ संपताना ४७,९००, १९२१ अखेर ६९,३००, १९२२ अखेर ७१,४००, १९२३ अखेर ७४,९००. तुमच्या लेबलवर ४४ हजारांतला क्रमांक असेल तर वाद्य १९१८ चं.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. १९१८ या एका वर्षात आठ हजारांवर क्रमांक खर्ची पडले, १९२२ मध्ये जेमतेम दोन हजार. वेड ओसरलं होतं, नाचाच्या बँडमध्ये बँजो आला होता. आणि नेमक्या त्याच पडत्या काळात कंपनीने आपलं सर्वांत उत्तम मँडोलिन बनवलं: एफ-५. लॉइड लोअर हे स्वतः वादक आणि ध्वनीचे जाणकार. त्यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ मध्ये ही वाद्यं झाली. गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-आकाराची भोकं, लांब मान, आतल्या पट्ट्या ठोकून-ऐकून जुळवलेल्या. किंमत अडीचशे डॉलरच्या घरात, म्हणजे त्या काळी डोळे पांढरे करणारी. घेणारे थोडे. १९२४ संपताना लोअर कंपनीतून बाहेर पडले. आतल्या लेबलवर त्यांची सही असलेली एफ-५ वाद्यं आज काहीशेच नोंदलेली आहेत, आणि सहीचं ए-५ तर एकच माहीत आहे.

म्हणजे ती दुर्मीळ झाली कारण तेव्हा कुणाला नको होती. महाग मात्र वेगळ्या कारणाने झाली. १९४०च्या दशकात बिल मनरो या वादकाने फ्लोरिडातल्या मायामीत एका न्हाव्याच्या दुकानात असंच एक पडून असलेलं एफ-५ घेतलं, दीडशे डॉलरना असं सांगतात. क्रमांक ७३९८७, सहीची तारीख ९ जुलै १९२३. त्या वाद्यावर मनरोने जे वाजवलं त्यातून ब्लूग्रास नावाचा संगीतप्रकार उभा राहिला, आणि मग त्या संगीतातल्या प्रत्येक वादकाला तोच आवाज हवा झाला. आज लोअरच्या सहीचं चांगल्या स्थितीतलं एफ-५ लाख डॉलरच्या आसपास आणि त्याच्याही वर जातं. माल काहीशे, मागणारे जगभर: किंमत या दोन्हींच्या भेटीत आहे, नुसत्या वयात नाही.

कोणतं मॉडेल?

थेंबाच्या आकाराचं ते 'ए', आणि एका खांद्यावर वेलांटीसारखी वळी असलेलं ते 'एफ'. ए मध्ये ए-ज्युनिअर, ए, ए-१ पासून ए-४ पर्यंत चढती भाजणी: जसजसं वर जावं तसतशी शिंपल्याची नक्षी, काठ, रंग वाढतो. ए-३ तर १९१८ ते १९२२ मध्ये पांढऱ्या तबलीचं यायचं, ते लांबूनही ओळखू येतं. एफ-२ आणि एफ-४ गोल भोकाची.

१९२३ च्या आसपास ए मॉडेलचं डोकं, म्हणजे मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, वर निमुळतं होत गेलं. इथे त्याला सापाचं डोकं म्हणतात, आणि वादक त्यावर जीव टाकतात, कारण त्याच सुमारास मान वाकू नये म्हणून तिच्या आत लोखंडी सळी, म्हणजे ट्रस रॉड, बसवायला सुरुवात झाली आणि मान बारीक, हाताला सोयीची झाली. डोक्यावर दोन स्क्रूंनी बसवलेलं घंटेच्या आकाराचं छोटं झाकण दिसलं तर आत तो रॉड आहे.

भावाचे अंदाज, इथल्या बाजारातले, मूळ रंगातल्या आणि वाजवता येण्याजोग्या वाद्यांचे: साधी ए मॉडेलं साधारण एक ते अडीच हजार डॉलर, निमुळत्या डोक्याची त्याच्या वर, एफ-२ आणि एफ-४ काही हजार. गोल भोकाचं एफ-४ दिसायला एफ-५ पेक्षाही देखणं असतं, पण ब्लूग्रासवाल्यांना एफ भोकांचा तिखट आवाज लागतो, म्हणून दोघांत आकाश-पाताळाचं अंतर. माझ्या मते आज पैसे मोजून वाजवायला घ्यायचं असेल तर १९१५ ते १९२२ मधलं ए-१ किंवा ए-२ सारखं दुसरं नाही. गोड, भरीव आवाज, आणि किंमत अजून माणसात आहे.

नावांच्या बाबतीत तीन सावधगिऱ्या. 'गिव्हसन' हा कोलकात्याचा ब्रँड आहे. भारतात घराघरांत ती वाद्यं आहेत, पण स्पेलिंगमधल्या एका अक्षराने ते कॅलामझूचं होत नाही. 'द लोअर' नावाचा आजचा एक ब्रँड आहे, चीनमध्ये बनतो, लॉइड लोअर यांचं नाव फक्त आठवण म्हणून. आणि गिब्सनच्या बोटपट्टीशेजारच्या संरक्षक पट्टीवर 'मार्च ३०, १९०९' असा शिक्का असतो. ती पेटंटची तारीख आहे, वाद्याच्या जन्माची नव्हे. "१९०९ चं आहे" असं सांगणाऱ्या कितीतरी जणांचं वाद्य १९१६-१७ चं निघतं.

मूळ किती, बदललेलं किती

किंमत खरी इथे ठरते, म्हणून या टप्प्याला वेळ द्या. मी एखादं वाद्य पाहतो तेव्हा या क्रमाने पाहतो.

रंग आधी. अंधारात अतिनील दिवा फिरवला की मूळ वार्निश सगळीकडे एकसारखं चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी ठिगळासारखी वेगळी दिसते. दिवा नसेल तर कडा पाहा: काठावरच्या पांढऱ्या पट्टीवर रंग चढलेला असेल, किंवा घासून-खरचटून जिथे झीज असायला हवी, म्हणजे वाजवणाऱ्याचा दंड टेकतो तिथे, रंग नवाकोरा असेल, तर शंका घ्या. प्रामाणिक झीज किंमत फारशी कमी करत नाही. झाकलेली झीज करते.

मग खुंट्या. सगळ्या आठ जुळतात का? पत्र्याखाली दुसऱ्या स्क्रूंची जुनी भोकं दिसतात का? जुन्या एफ-४ वर हँडल कंपनीच्या नक्षीदार बटणांच्या खुंट्या असत, आणि त्या सुट्याही चांगल्या किमतीला जातात. म्हणूनच काढून विकल्या जातात. तारा जिच्यावर टेकतात ती घोडीही पाहा. साधारण १९२१ च्या आधीच्या गिब्सनवर एकसंध लाकडाची घोडी असते, नंतर दोन चाकांनी वर-खाली होणारी. जुन्या वाद्यावर नवी घोडी असणं सामान्य आहे, पण मूळ घोडी पेटीत पडलेली असेल तर जपा.

संरक्षक पट्टी, बटणं आणि काठ सेल्युलॉइडचे असतात. अंगठ्याने जोरात घासून लगेच वास घ्या, देवघरात येतो तसा कापराचा वास येईल. ती कासवाच्या कवचाची आहे का, हे पाहायला तापलेली सुई टोचायचा सल्ला लोक देतात. चुकूनही करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. जुनं सेल्युलॉइड कुजूही लागतं, तडकतं, पिवळं पडून भुगा होतो आणि त्याच्या वाफेने आजूबाजूचं लोखंड-पितळ गंजतं. अशी पट्टी दिसली तर काढून वेगळ्या डबीत ठेवा, पण टाकू नका.

शेवटी पेटी. मूळ पेटी आणि तिच्या कप्प्यातली पावती, जुन्या तारांची पाकिटं, वादकाचा फोटो, हे सगळं किमतीत भर घालतं. पेटी कितीही फाटकी असो, फेकू नका.

बांधणी

मानेवर सरळ पट्टी ठेवून बाक पाहा. तबली घोडीखाली बसली आहे का, हे बाजूने नजर लावून पाहा. थोडी बसलेली चालते, खोलगट झाली असेल तर आतली पट्टी सुटलेली असणार. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, तारा खूप उंच असतील आणि घोडी आधीच खाली असेल, तर मानेचा कोन बिघडला. गोल पाठीच्या वाद्यात हा दोष सर्रास, आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च बहुतेक वेळा वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त. ठोकून ऐका: जिथे सुटलं आहे तिथे खुळखुळ येते.

भारतात असेल तर

मुंबईच्या चित्रपटसंगीतात मँडोलिन किती होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. संगीतकार सज्जाद हुसेन स्वतः थोर मँडोलिनवादक होते, आणि लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिन वाजवत. गोव्याच्या घरांतही हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे "हे अमुक चित्रपटात वाजलंय" असं घरात सांगितलं जातं, आणि ते खरंही असू शकतं. पण बाजार पुरावा मागतो: त्याच वाद्यासह वादकाचा फोटो, करारपत्र, मानधनाची पावती. पुरावा असेल तर नियम उलटतात. मनरोच्या एफ-५ वर १९८५ मध्ये कुणीतरी घरात शिरून शेगडीच्या लोखंडी सळीने घाव घातले, त्याचे तुकडे एकेक करून जोडले गेले, तरी त्याची किंमत दुसऱ्या कुठल्या मँडोलिनला नाही.

दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट कायद्याची. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९१८ चं मँडोलिन पुण्याहून अमेरिकेतल्या ग्राहकाला कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या कार्यालयात विचारा आणि लागेल तो दाखला लेखी घ्या. भाच्याच्या बॅगेतून "असंच" पाठवू नका. वाद्य जप्त झालं तर पैशाचा प्रश्नच संपतो.

कासवाचं कवच आणि हस्तिदंत यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, ब्राझिलियन शिसमावरही कडक निर्बंध आहेत. इटालियन गोल पाठीच्या मँडोलिनांत तबलीवरची ठिपकेदार पट्टी कधीकधी खरंच कवचाची असते. सीमा ओलांडण्याआधी ते तपासून घ्या.

विकायचं ठरलं तर

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत गल्लत करू नका. रिव्हर्बसारख्या संकेतस्थळावर कुणीही आठ हजार मागू शकतो. पाहायचं ते विकल्या गेलेल्या वाद्यांचे भाव. तेच मॉडेल, जवळचं साल, तीच स्थिती, असे चार-पाच व्यवहार लिहून काढा आणि सगळ्यात वरचा आकडा सोडून द्या.

मग तीन रस्ते. स्वतः थेट विकणं: पैसे जास्त, डोकेदुखीही जास्त. दुकानाला एकरकमी विकणं: पैसे लगेच, पण दुकान पुढे ज्या भावाला विकणार त्याच्या निम्मे ते दोन तृतीयांश. तिसरा, दुकानात विकायला ठेवणं: विकलं गेलं की ते साधारण वीस टक्के कापून घेतात. नॅशव्हिलचं ग्रून गिटार्स, मिशिगनमधलं एल्डरली इन्स्ट्रुमेंट्स ही या क्षेत्रातली जुनी नावं. दोन-तीन हजारांच्या वरच्या वाद्याला मी तिसराच रस्ता सुचवतो. ग्राहक त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजतो. लोअरच्या सहीचं असल्याची शंका आली तर कुठेही जाहीर करण्याआधी लेखी मूल्यांकन करून घ्या. खऱ्या वाद्यात दोन लेबलं असतात, एकावर मॉडेल आणि क्रमांक, दुसऱ्यावर तपासणीची तारीख आणि सही. दोन्हींचे खोटे नमुने बाजारात फिरतात.

फोटो ढगाळ दिवशी खिडकीशेजारी काढा, फ्लॅश नको. समोरून, मागून, डोकं दोन्ही बाजूंनी, लेबल, ठोकळ्यावरचा शिक्का, आणि प्रत्येक तडा. दोष आधीच दाखवले की ग्राहक घासाघीस कमी करतो.

पाठवताना तारा सैल करा, पूर्ण काढू नका. घोडीखाली मऊ कापड सरकवा. पेटीत डोकं लोंबकळत राहू नये म्हणून मानेखाली आणि डोक्यामागे कागदाच्या घड्या ठासून भरा. पडलेल्या पेटीत सगळ्यात आधी डोकंच तुटतं. पेटी एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्यात, मध्ये चारी बाजूंनी चार बोटं भरण. आणि ग्राहकाला चिठ्ठी लिहा: खोकं घरात आल्यावर एक रात्र तसंच ठेवा, सकाळी उघडा. थंडीतून आलेलं लाकूड एकदम उबेत उघडलं की शंभर वर्षं टिकलेल्या वार्निशला एका मिनिटात बारीक तडे जातात.